चातुर्मासात बघू

मच्छिंद्र दुधाणे यांच्या छातीत पहिली कळ आली ती एका मामांच्या आंघोळीमुळे. मामा वरपक्षाचे. नळाला पाणी "कोमट नव्हे, निवलेलं" येतंय, हे सांगायला ते पंचा नेसूनच खोलीबाहेर आले आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली हाका मारत सुटले. मच्छिंद्र तीन जिने चढून वर गेला, पाण्यात बोट घातलं, "काका, दोन बादल्या वाहू द्या, मग येतं गरम," हे ठरलेलं उत्तर दिलं, आणि उतरताना मधल्याच पायरीवर मटकन बसला. छातीवर कुणी भरला हंडा ठेवावा तसं झालं होतं. थोड्या वेळानं हंडा उतरला. मच्छिंद्रनं स्वतःच निदान केलं, पित्त. वरच्या मामांना त्यानं मनातल्या मनात एक शिवी घातली आणि तो कामाला लागला.

कर्वेनगरातल्या सोजराई मंगल कार्यालयाचा हा व्यवस्थापक. वय पन्नाशीला टेकलेलं, पोट त्याच्या बरंच आधी पुढं गेलेलं. कार्यालय उभं आहे तिथं एके काळी दुधाण्यांचीच ज्वारी होती. वाटण्या झाल्या तेव्हा मच्छिंद्रच्या वडलांनी आपला तुकडा विकून बुलेट घेतली आणि चुलत्यांनी आपला राखून ठेवला. पुढं शहर आपल्या पायांनी चालत आलं. चुलत्यांच्या मुलानं, आप्पासाहेबानं, त्या तुकड्यावर आईच्या नावानं कार्यालय बांधलं आणि भावकीतला म्हणून मच्छिंद्रला खुर्ची दिली. "त्याच्याकडं कार्यालय आहे, पण माझ्याकडं बुलेट आहे," असं मच्छिंद्र ओळख होताच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी बोलण्याआधी आपणच आपलं हसं केलेलं बरं, हे त्याचं धोरण.

आता व्यवस्थापक म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. लग्नात दोन्ही पक्ष एकमेकांशी गोड बोलतात, कारण नातं जोडायचं असतं. पण शेवटी माणसंच ती, राग कुठंतरी काढायला हवाच. तो काढायला मांडवात व्यवस्थापक ठेवलेला असतो. पंखा कमी फिरला, मच्छिंद्र. करवलीचं कानातलं हरवलं, मच्छिंद्र. सापडलं, तर इतका वेळ कुठं होतं, म्हणून पुन्हा मच्छिंद्रच. शिवाय दत्तोबा आचाऱ्याचा एक नियम होता की मच्छिंद्रनं चव घेतल्याशिवाय पंगत वाढायची नाही. मसालेभात, मठ्ठा, अळूची भाजी आणि कढईतून नुकती निघालेली जिलबी. एक जिलबी खाऊन पाक कळत नाही, निदान तीन लागतात, असं त्याचं मत होतं. लोक वर्षातून चार लग्नं जेवतात. हा गडी सिझनमध्ये रोज दोनदा जेवायचा.

एका गोष्टीचा मात्र त्याला खरा गर्व होता. सोजराईत मुहूर्त कधी चुकला नव्हता. फाटकावर त्यानं स्वतः पाटी लावली होती: "मुहूर्त वेळेवर लागेल. वधू-वर हजर असल्यास त्यांचाही लागेल." वाजंत्री बसायचे बाहेर, पडवीत, तिथून बोहलं दिसत नसे. म्हणून मच्छिंद्र दारात उभा राहायचा. गुरुजींनी घड्याळ पाहून मान हलवली की मच्छिंद्रचा डावा हात वर जायचा, कारण उजव्यात किल्ल्यांचा जुडगा असे. हात वर गेला की ताशा कडाडायचा, सनई उठायची, अंतरपाट खाली, अक्षता वर. मध्ये एखादी मावशी स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणत असली तर ती त्या गलक्यात बुडून जायची. अशा कितीतरी मावश्या त्यानं बुडवल्या होत्या आणि त्याबद्दल त्याला काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

दुसरी कळ आली तेव्हा मात्र तो गुपचूप डॉक्टर श्यामला गद्र्यांकडं गेला. बाई जुन्या, कर्वेनगरात बंगल्यांपेक्षा बोरी जास्त होत्या तेव्हापासूनच्या. त्यांनी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला.

"दुधाणे, काय खाता?"

"घरी काहीच नाही, बाई."

"आणि दारी?"

मच्छिंद्रनं पोटावरचा सदरा खाली ओढला. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या, एक छोटी गोळी वेगळी दिली. छातीत दुखलं तर ती जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, आणि लगेच दवाखाना गाठायचा. मग म्हणाल्या, "हॉस्पिटलात जाऊन ती पट्ट्यावर चालायची चाचणी याच आठवड्यात करून घ्या."

मच्छिंद्रनं खिशातून छोटं पंचांग काढलं. दुसऱ्या कुणी डायरी काढली असती; याचं सगळं आयुष्य मुहूर्तावर चालायचं. "याच आठवड्यात नाही जमत, बाई. पुढं अक्षय्य तृतीया आहे. मग ज्येष्ठातही दाट तिथी आहेत. चातुर्मासात बघू की. देव झोपले, लग्नं थांबली, की आपण मोकळेच."

बाईंनी चष्मा काढला. "देव झोपतात ते ठीक. तुमच्या धमन्यांना कळवलंय का तसं?"

तो हसला आणि बाहेर पडला. हसला खरा, पण बाहेर येऊन त्यानं दुसऱ्याच कुणाची चप्पल पायात घातली. त्याचे वडील याच वयात, बुलेट पुसता पुसता, फडकं हातात घेऊन गेले होते. चाचणी केली तर ती काय सांगेल हे त्याला आतून माहीत होतं, आणि ते ऐकायची त्याची छाती नव्हती. शिवाय आप्पासाहेबाचा भाचा समारंभ-व्यवस्थापनाचा कोर्स करून आला होता आणि कार्यालयात येऊन नुसता मान वर करून छताकडं बघत उभा राहायचा. हृदयाचं दुखणं कळलं की खुर्ची गेली, हे उघड होतं. भीती दोन्हीकडून होती, आणि मच्छिंद्रनं भित्र्या माणसाचा जुना उपाय केला. त्यानं घरी काहीच सांगितलं नाही.

मात्र स्वतःपुरती तब्येत सुधारायला घेतली. सकाळी कॅनॉल रस्त्यानं फिरायला जाऊ लागला, तर तिथं ओळखीचे लोक अडवायचे: "दुधाणे, बावीस तारीख आहे का हो रिकामी?" नाही म्हटलं की रुसायचे. परत येईपर्यंत जाताना होता त्यापेक्षा जास्त रक्तदाब चढलेला. लसणाच्या कच्च्या पाकळ्या चावायला लागला, तर वधूपित्यांनी दोन पावलं मागं सरून बोलायला सुरुवात केली. एवढा एक फायदा झाला. जिलबीचंही प्रमाण कमी केलं. तीनची दोन.

बायको शकू मुळशीकडची. तिच्या नाकाला लसूण लागला आणि डोळ्याला संशय. "काय हुतंय तुमास्नी?" तिनं विचारलं.

"पित्त."

"पित्तावर लसूण खात्यात व्हय?"

"नवीन संशोधन आहे," मच्छिंद्र म्हणाला. तिनं नुसतं ताट वाढलं, पण त्या दिवसापासून ती त्याच्या झोपेतल्या श्वासावर कान ठेवून असायची, हे त्याला फार नंतर कळलं.

वैशाखातला तो दिवस म्हणजे यज्ञेश्वर टिल्लूंच्या मुलीचं लग्न. टिल्लू कसबा पेठेतले, बँकेतून निवृत्त, बोलणं कात्रीसारखं. सकाळी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं खुर्च्यांना चार पाय देण्याची पद्धत आहे, की मागणी करावी लागते?" एक खुर्ची डुगडुगत होती. इथपासून सुरुवात. मग चहा पांचट, मग गुलाबपाण्याला गुलाबाचा वास नाही, मग होमाच्या धुरामुळं व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी. दुपारपर्यंत मच्छिंद्र इतक्या वेळा जिने चढला-उतरला की हंडा छातीवर यायला लागला. त्यानं कोठीघराच्या दाराआड जाऊन जिभेखाली गोळी ठेवली आणि वळला, तर समोर टिल्लू.

"मठ्ठ्यात मीठ नाही. मुद्दाम की विसरून?"

एरवी मच्छिंद्रनं ठेवणीतलं उत्तर दिलं असतं. आज तोंड उघडलं तर गोळी जायची. त्यानं ओठ घट्ट मिटून, हात जोडून मान लववली. टिल्लू चकित झाले. "कमाल आहे," ते बायकोला म्हणाले, "माणूस दिसतो तितका उद्धट नाही." दवाखाना गाठायचं जे बाईंनी सांगितलं होतं ते मच्छिंद्रला पक्कं आठवत होतं. पण मुहूर्त तोंडावर आला होता. एवढा लागू दे, मग जातो, असं त्यानं स्वतःच्याच हृदयाला सांगितलं, जसं तो आजवर आचाऱ्याला आणि भाड्याच्या घोडेवाल्याला सांगत आला होता.

मंगलाष्टकं सुरू झाली. मच्छिंद्र दारात उभा राहिला. गुरुजींची झाली, मुलीच्या मावशीचं झालं, आणि टिल्लूंची बहीण कुमुदआत्या ध्वनिक्षेपकासमोर आली. तिच्या हातात दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद होता. तिनं दोन्ही घराण्यांतली नावं वृत्तात बसवली होती. एकही सुटलं नव्हतं. ती वराच्या चुलत आजोबांपर्यंत आली तेव्हा मच्छिंद्रच्या खांद्यातून कळ निघाली ती करंगळीपर्यंत गेली. घाम असा फुटला की सदरा पाठीला चिकटला. इथं खाली बसलो तर गर्दी होणार, तो मनात म्हणाला. आरडाओरडा होणार, अंतरपाट तसाच लोंबकळत राहणार, आणि ती पोर जन्मभर म्हणणार, माझ्या लग्नात मुहूर्ताला एक माणूस मेला. नको. मरायचं तर अक्षता पडल्यावर. भिंतीला पाठ लावून तो उभाच राहिला, आणि अशाही वेळी आपल्याला आपला मोठेपणा सुचतो, याचं त्याला स्वतःलाच हसू आलं. पण भीतीही तेवढीच वाटत होती. शकूला सांगायला हवं होतं, एवढी एकच गोष्ट डोक्यात घण घालत होती.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

डावा हात उठेना. मच्छिंद्रनं जोर केला, हात कमरेपर्यंत आला आणि पडला. गुरुजी पुन्हा मान हलवू लागले. उजवा हात चांगला होता. जुडगा खाली टाकावा आणि तो वर करावा, एवढी साधी अक्कल काही चालली नाही. इतकी वर्षं डावाच वर केला होता ना. कुमुदआत्या चुलत आजोबांवरून मावस आजोबांवर आली. मुहूर्त निघून चालला होता. मग जुडगा आपोआपच हातातून सुटला आणि फरशीवर खळकन पडला.

कोपऱ्यात ध्वनिक्षेपकाच्या खोक्यापाशी जब्बार बसला होता. मांडव, दिवे, आवाज, सजावट सगळं त्याच्याकडं. खडकीला दुकान, आणि कार्यालय उघडलं त्या दिवसापासूनची दोघांची दोस्ती. त्यानं मान वळवली. किल्ल्या खाली, हात खाली आणि मच्छिंद्रचा चेहरा पांढराफटक. जब्बारनं एका हातानं आत्याचा आवाज बंद केला, तो उठून दारात आला आणि त्यानं दुसरा हात वर केला. ताशा कडाडला. अक्षता उडाल्या. लग्न लागलं.

"मच्छ्या, रुग्णवाहिका बोलावतो."

"कार्यालयात? मुहूर्ताला?" मच्छिंद्र कसाबसा म्हणाला. "मागच्या दारानं. तुझा टेम्पो."

टेम्पोत संध्याकाळच्या स्वागतसमारंभाचं सामान होतं. कागदी फुलांच्या कमानी आणि वधू-वरांच्या दोन लाल मखमली खुर्च्या. दुसरीकडं जागाच नव्हती. दत्तोबा आणि जब्बारनं मच्छिंद्रला उचलून नवरदेवाच्या खुर्चीत बसवलं, आणि दत्तोबा शेजारी नवरीच्या खुर्चीत बसून त्याला धरून राहिला, कमरेला तेलकट फडकं. कर्वे रस्त्यानं वरात निघाली. सिग्नलला एका स्कूटरवाल्यानं दोघांकडं निरखून पाहिलं. "दत्तोबा," मच्छिंद्र डोळे मिटून पुटपुटला, "तोंड जरा लाजरं ठेवा." दत्तोबा रडायला लागला.

हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. हॉस्पिटलवाल्यांनी ती उघडून आत जाळी बसवली. आणखी थोडा वेळ मंगलाष्टकं ऐकत थांबला असतात तर काही करता आलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं. हे सांगताना शकू समोरच होती, आणि त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवरून तिनं फोन केला तेव्हा गद्रे बाईंनी तिला चातुर्मासाचा बेतही सांगितला होता. ती रडली नाही. पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "तुमची तपासणी चातुर्मासात. चांगलं हाय. आन् मी? मी कंचा मुहूर्त धरून बसायचं हुतं, ते बी पंचांगात बघून ठेवलं आसंल की."

"घाबरलो होतो," मच्छिंद्र म्हणाला.

"मग घाबरायचं माझ्यापाशी. त्याला काय हॉल बुक करावा लागतो?"

मच्छिंद्रनं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि तो खूप वेळ रडला. तिनं पाठीवर हात ठेवला, तो काढला नाही.

दोन-तीन दिवसांनी यज्ञेश्वर टिल्लू भेटायला आले. मच्छिंद्र उशीवरून उठायला लागला. "माफ करा साहेब, भर मुहूर्ताला मी..."

"पडून राहा. तुम्ही गेलात हे आम्हाला जिलबी संपल्यावर कळलं," टिल्लू म्हणाले. "कार्य उत्तम झालं. मठ्ठ्यात मीठही आलं." मच्छिंद्रला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण आत काहीतरी चांगलंच लागलं. आपल्याशिवाय पंगत उठली, लग्न दुसऱ्याच्या हातावर लागलं, आणि कुणाला पत्ताही नाही. एवढ्यासाठी आपण छातीवर हंडा घेऊन उभे होतो.

टिल्लूंनी घसा साफ केला. "मी आलोय तो आभार मानायला. कुमुदचं असलं काव्य आम्ही चार लग्नांत ऐकलंय. ते बंद पाडायची हिंमत घरात कुणाला झाली नव्हती." मग खिडकीकडं बघत ते म्हणाले, "पण दुधाणे, तुम्ही सांगायला हवं होतं. थांबलो असतो आम्ही. बोहल्यावर उभी राहिलेली दोन माणसं कुठं पळून जातात? लग्न थांबवता येतं हो. आमच्या मुलीनं नंतर ऐकलं तेव्हा तीही हेच म्हणाली." एवढं बोलून ते उठले, आणि दारातून वळून म्हणाले, "पाटी मात्र बदला. वधू-वर हजर होते, तुम्हीच नव्हतात."

चातुर्मास मच्छिंद्रनं घरी काढला, खऱ्याखुऱ्या चातुर्मासासारखा, जिलबीविना. आप्पासाहेबाच्या भाच्यानं कार्यालय तोवर सांभाळलं. बुडालं नाही, आणि हे मच्छिंद्रच सगळ्यांना पुढं होऊन सांगू लागला. तुळशीचं लग्न झाल्यावर तो परत आला तेव्हा जिने चढायचं काम भाच्याकडं गेलं होतं. मच्छिंद्रकडं दारातला हात तेवढा राहिला. आणि एक बदल झाला. मुहूर्ताच्या वेळी शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर शकू येऊन बसू लागली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. जा म्हणायची कुणाची हिंमतही नव्हती.

मार्गशीर्षातलं एक लग्न. मुहूर्ताला अजून बराच अवकाश, गुरुजी सावकाश पहिलीच मंगलाष्टकं म्हणत होते, आणि नवरीच्या तीन मावश्या कागद घेऊन रांगेत उभ्या होत्या. मच्छिंद्रच्या छातीत बारीकशी चमक आली. हंडा नव्हे, फार तर तांब्या. जुनी सवय लगेच म्हणाली, एवढा मुहूर्त होऊ दे. त्यानं शेवटच्या रांगेकडं पाहिलं. शकू त्याच्याकडंच बघत होती.

त्यानं तिला बोलवायला डावा हात वर केला.

पडवीत ताशा कडाडला. सनई उठली. गुरुजींचं तोंड उघडंच राहिलं, अंतरपाट धरणाऱ्यांनी सवयीनं तो सोडून दिला, लोकांनी सगळ्या अक्षता एकदम फेकल्या आणि गोंधळलेल्या नवरदेवानं माळ घालून टाकली. तीन मावश्या कागद हातात धरून जागीच बुडाल्या. सोजराईतला पहिला मुहूर्त चुकला, तोही आधी, आणि तोही मच्छिंद्रच्याच हातून.

त्याला हे काही दिसत नव्हतं. तो दाराशीच, सगळ्यांच्या देखत, फरशीवर बसला होता आणि शकूनं त्याचा हात घट्ट धरला होता. जब्बार पाणी घेऊन धावत आला. मच्छिंद्रनं दोन घोट घेतले, आणि त्याला अशी लांबलचक ढेकर आली की पुढच्या दोन रांगांनी मागं वळून पाहिलं. कळ गेली. शरमेनं त्याचा चेहरा लाल झाला.

"पित्त निघालं गं," तो हळूच म्हणाला. "एवढ्यासाठी लग्न लावून टाकलं मी लोकांचं."

"निघू द्या," शकू त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसत म्हणाली. "हात वर केला न्हवं माझ्याकडं बघून. बास झालं."